गिटार खाली

खर्जे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव बँडमध्ये कोणाला आठवत नाही, आणि त्यांनाही ते फक्त सही करताना लागतं. सव्वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच रविवारी, बँडच्या मास्तरांनी "हे आपले खर्जवाले" अशी ओळख करून दिली. पुढच्या रविवारपर्यंत त्याचं खर्जे झालं, आणि मग शेजारीपाजारी, दुकानात, बायकोच्या माहेरी, सगळीकडे तेच चिकटलं. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा सूर. या बँडमध्ये तो बेस गिटारचा. चार जाड तारा, साडेचार किलो लाकूड, आवाज बाहेर काढणारा अ‍ॅम्पचा खोका, आणि उभं राहायला मागची जागा, ड्रमला खेटून, जिथे मुद्दाम बघितल्याशिवाय माणूस दिसत नाही.

दर रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळात जुन्या सभागृहात नाच असायचा. नाचायला येणारी जोडपी साठीच्या पुढची. कोणाचा गुडघा नवा, कोणाचा जुनाच, पण बुटांना पॉलिश आणि केसांना तेल एकदम नीट. त्यांच्यासाठी सहा जणांचा हा बँड वाजवायचा. मास्तर ट्रम्पेटवर, बायकोचा धाकटा भाऊ ड्रमवर, बाकीचे आपापल्या जागी. खर्ज्यांना बँडमध्ये आणलं ते या मेहुण्यानेच. बाकीचे सहा दिवस खर्जे हार्डवेअरच्या दुकानात खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या मोजून द्यायचे, आणि मनातल्या मनात रविवारची गाणी वाजवत बसायचे.

दुखणं सुरू झालं ते चोरपावलांनी. आधी डाव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका, मग मनगट, मग कोपराच्या आत कोणी स्क्रू पिळतंय असं. उजवा हात मागे कशाला राहील? त्याचाही कोपराखालचा भरलेला स्नायू दगड होऊन बसायला लागला. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत, आणि मिटली की उघडायची नाहीत. एक दिवस दुकानात अर्धा किलो खिळ्यांची पुडी हातातून सुटली. गिऱ्हाईक, मालक आणि खर्जे, तिघंही गुडघ्यावर बसून खिळे वेचत होते, आणि मालक म्हणाले, "खर्जे, झोप होत नाही का?" खर्जे म्हणाले, "नाही ना." खरं सांगायची सोय नव्हती. दुकानातली गोष्ट संध्याकाळपर्यंत मेहुण्याच्या कानावर जायची, आणि मेहुण्याच्या कानावर गेली म्हणजे बँडमध्ये जाहीर झाली.

बँडपासून लपवायचं कारण होतं कीबोर्डवाली. पोरगी हुशार, स्वभावाने गरीब, खर्ज्यांना काका म्हणायची. पण तिला डावा हात होता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी खर्ज्यांची बस बंद पडली आणि ते पाऊण तास उशिरा पोचले. धापा टाकत आत शिरले तर नाच जोरात चाललेला, आणि त्यांचा खर्ज ती डाव्या हाताने आरामात वाजवतेय. कोणाचंही पाऊल चुकलेलं नव्हतं. मास्तर हसून म्हणाले, "काळजी करू नकोस, हा तिच्या डाव्या हातचा मळ आहे." मास्तरांनी गंमत केली, सगळे हसले, खर्जेही हसले. ती गंमत त्यांच्या घशात अडकली ती अजून खाली उतरलेली नव्हती. हात दुखतो म्हणायचा अवकाश, सगळे काळजीने म्हणणार, "तुम्ही बसा हो, ती सांभाळेल." आणि ती खरंच सांभाळेल, हीच तर भीती होती. रविवार गेला तर उरतात खिळे.

म्हणून त्यांनी वर्षभर दात आवळून वाजवलं. मध्यंतरात हात कोटाच्या खिशात घालून ठेवायचे, म्हणजे न मिटणारी बोटं दिसत नसत. घरी कपाचा कान सोडून दोन्ही तळव्यांत कप धरायचे आणि थंडीचं कारण सांगायचे. उन्हाळ्यातही.

बायकोला हे कळायला वर्ष लागलं असं खर्ज्यांना वाटत होतं. तिला आधीच कळलेलं होतं. ती घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून कपड्यांची दुरुस्ती करायची. आयुष्य सुई-दोऱ्यात गेल्याने हात दुखणं म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. एका सकाळी धुण्याचा ढीग निवडताना तिने मान वर केली.

"अहो, तीन आठवडे झाले, बटणं नसलेलेच कपडे पडतायत धुवायला. बटणाच्या शर्टांवर राग आहे का?"

"गरम होतं त्यांत."

"हात दाखवा बघू."

"का? भविष्य बघणार आहेस?"

"बघते की." तिने त्यांचा हात ओढला आणि कोपराच्या आत, नेमकं जिथे नको तिथे, अंगठा दाबला. खर्ज्यांच्या तोंडून "आई गं" निघालं ते शेजाऱ्यांपर्यंत पोचलं. "कळलं भविष्य," ती म्हणाली. "बुधवारी डॉक्टर."

औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक फिजिओ बसायची. भिंतीला रबरी पट्टे टांगलेले, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा, त्याची करंगळी गायब. तिने काम काय करता विचारलं. खर्जे म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात आहे." बायको म्हणाली, "आणि बेस गिटार वाजवतात. ते कसं विसरलात?" फिजिओ म्हणाली, "मग पुढच्या खेपेला ती घेऊन या. मला बघायचंय." पुढच्या खेपेला बायकोकडे लग्नाच्या घरचे नऊ परकर आले होते, म्हणून खर्जे एकटेच गिटार पाठीला मारून गेले. ते बरंच झालं, असं त्यांना नंतर वाटलं.

फिजिओसमोर त्यांनी गिटार अडकवली. ती मांडीपर्यंत खाली आली. फिजिओने एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने बघून घेतलं.

"एवढी खाली का?"

"मास्तरांनी सांगितलंय."

"कधी?"

"झाली की सव्वीस वर्षं."

पहिला रविवार त्यांना कालच्यासारखा आठवत होता. तोवर त्यांचं वाजवणं म्हणजे घरच्या घरी, एका जुन्या पुस्तकावरून, आरशापुढे. बँड म्हणजे काय, तिथे लोक कसे बोलतात, काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच गाण्यात मास्तरांनी ट्रम्पेट तोंडातून न काढता डाव्या हाताचा पंजा त्यांच्याकडे करून खाली दाबला. मध्यंतरात जवळ येऊन म्हणाले, "गिटार खाली घे जरा." खर्ज्यांना वाटलं, बँडमध्ये अशीच पद्धत असणार, छातीपाशी धरणं बावळट दिसत असणार. गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा तर पुरेना. घरी गेल्यावर नव्या बायकोला सांगितलं, आणि तिने निळ्या कॅनव्हासचा वीतभर तुकडा जोडून, दुहेरी टीप मारून, पट्टा लांब करून दिला. पुढच्या रविवारी गिटार मांडीशी लोंबत होती. मास्तरांनी ती बघून मान हलवली. खर्ज्यांनी ती मान होकाराची समजली आणि तेव्हापासून गिटार तिथेच राहिली.

फिजिओने त्यांचं डावं मनगट दोन बोटांनी धरलं. "हे बघा. तार गाठायला हे असं पार दुमडावं लागतं तुम्हाला. दुमडलेल्या मनगटाने तीन तास दाबत बसायचं. हात जाणार नाही तर काय? आणि उजव्या हाताने तार ओढताय की दोरखंड? एवढा जोर कशाला?"

"नाहीतर ऐकू येत नाही."

"कोणाला?"

"मला," खर्जे म्हणाले.

तिने कागद पुढे ओढला. मग कागदावर लिहीत लिहीत सांगितलं, की पट्टा वर घ्या, आवाज वाढवा, बोटं हलकी ठेवा, पण हे सगळं नंतर. आधी वाजवणं बंद. सहा महिने तरी. "आणि खरं सांगू का? त्यानंतरही घरी दहा-पंधरा मिनिटं वाजवाल. तीन-तीन तास उभं राहून आता व्हायचं नाही. असंच रेटलंत तर उद्या खिळेही उचलता येणार नाहीत."

"हा एक रविवार?"

"ते मला विचारलं नाहीत, आणि मी ऐकलं नाही."

जिना उतरताना खर्जे दोनदा थांबले. पाय ठणठणीत होते. घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "पट्टा वर घ्या म्हणाली. बाकी काही विशेष नाही." नऊ परकरांच्या मागून ती म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं, जाऊन या?"

पण पट्टा वर घ्यायचा तर मास्तरांना विचारायला हवं. माणूस असा असतो. डॉक्टरने हात गेला म्हणून सांगितलं, तरी सव्वीस वर्षांपूर्वीच्या सूचनेला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. शनिवारी तालमीला मास्तर खुर्चीवर बसून ट्रम्पेट पुसत होते. पंचाहत्तरीचे झाले तरी ट्रम्पेट स्वतःच पुसायचे. खर्जे पुढे जाऊन उभे राहिले.

"मास्तर, एक विचारायचं होतं. गिटार जरा वर घेऊ का?"

"वर कशाला? इतकी वर्षं कशीबशी खाली ठेवलीय."

"डॉक्टर म्हणते, खाली असल्यामुळेच हात गेला."

"आवाजाने हात कसा जाईल रे?"

"आवाज नाही हो. गिटार. पट्टा."

"पट्ट्याचं कोण बोललं?"

"तुम्हीच. पहिल्या रविवारी. गिटार खाली घे म्हणालात."

मास्तरांचं फडकं थांबलं. त्यांनी खर्ज्यांच्या मांडीशी लोंबणाऱ्या गिटारीकडे बघितलं. मग खर्ज्यांच्या तोंडाकडे.

"अरे, मी आवाज म्हणत होतो," ते म्हणाले.

त्या बँडमध्ये अशीच बोली होती. ड्रम वर, कीबोर्ड खाली, ट्रम्पेट अजून खाली. वाद्याचं नाव घ्यायचं आणि अर्थ आवाजाचा. दोन महिन्यांत खर्जेही तसंच बोलायला लागले होते. फक्त पहिल्या दिवशीचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उलटून बघितलं नाही. बसलं ते बसलं.

"मग मी आवाज कमी केला नाही, तेव्हा काही बोलला का नाहीत?" खर्ज्यांनी विचारलं.

"मला वाटलं, पोरगा अडेलतट्टू आहे. आवाज खाली कर म्हटलं तर गिटार मांडीवर आणून तोरा दाखवतो. म्हटलं, तोंडाला लागायला नको. म्हणून मी याला सांगितलं..." मास्तरांनी ड्रमकडे बघितलं.

मेहुणा एका स्क्रूशी खेळत होता. घट्टच होता तो, तरी पिळत होता.

"भाऊजी, रागावू नका," तो म्हणाला. "तुमचा अ‍ॅम्प माझ्या हाताशीच. तुम्ही आवाजाचं बटण पाचवर ठेवायचात. पहिलं गाणं सुरू झालं की मी दोनवर आणायचो."

"पहिल्या रविवारपासून?"

"दुसऱ्या. आणि सामान आवरताना परत पाचवर करून ठेवायचो. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको."

खर्जे अ‍ॅम्पवरच बसले. सभागृह खर्ज खातं, असं हाच मेहुणा त्यांना सांगत आला होता. घरी, समारंभात, बहिणीसमोर. "भाऊजी काय कमी वाजवतात का? सभागृहच खातं." खर्ज्यांनी ते खरं मानलं आणि सभागृहाच्या पोटाला पुरेल एवढं वाजवायला गेले. म्हणजे सव्वीस वर्षं ते बोटांनी ओरडत होते, आणि बायकोचा भाऊ शेजारी बसून त्यांच्या तोंडावर हात ठेवून होता. त्यांना राग आला. इतका आला की ड्रमवर लाथ घालावीशी वाटली. पण रागालाही दम लागतो, आणि त्यांच्यात तो उरला नव्हता.

"वाईट नाही वाटलं रे," ते म्हणाले. "हात गेला."

मग त्यांनी फिजिओचं सगळं सांगून टाकलं, सहा महिन्यांचं आणि त्याच्या नंतरचंही. उद्याचा एक रविवार वाजवतो, म्हणाले, पुढचं ही पोरगी बघेल. कीबोर्डवाली रडवेली झाली. "काका, मला नकोय तुमचं."

"असू दे. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे," खर्जे म्हणाले. मास्तरांनी मान खाली घातली.

बाहेर पडताना मेहुण्याने त्यांना गाठलं. "ताईला सांगणार?"

"काय सांगू? तिच्या हाताशी कात्री असते."

"भाऊजी..."

"नाही सांगत. उद्या दोन्ही हात मला दिसतील असे ठेव, म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी बायकोने पट्टा मांडीवर घेऊन निळा तुकडा उसवायला घेतला. टीप निघता निघेना. "तेव्हा काय पक्कं शिवायचे मी!" ती स्वतःवरच खूश होती. एकेक टाका ब्लेडने उचलत म्हणाली, "मास्तर रागावणार नाहीत ना? त्यांनीच खाली घ्यायला लावली होती."

"विचारलं त्यांना. हो म्हणाले."

"मी पण येते उद्या. अ‍ॅम्प तुम्ही उचलायचा नाही. तो माझा भाऊ कशाला आहे?"

"हो," खर्जे म्हणाले, "तो आहेच."

ती फार वर्षांनी येत होती. लग्नानंतर सुरुवातीला यायची, पुढच्या रांगेत बसायची, आणि घरी आल्यावर भाबडेपणाने विचारायची, "सगळ्यांचं ऐकू आलं, तुमचं नेमकं वाजतं कुठे हो?" खर्जे तिला खर्ज म्हणजे काय ते समजवायचे, सगळ्यांच्या खाली असतो, वेगळा कळत नाही. तिने समजून घेतलं, आणि मग यायची थांबली.

रविवारी गिटार छातीपाशी आली. पुढच्या एका जोडप्याने त्यांच्याकडे बघून हसून घेतलं. त्याच वेळी एका बाईच्या झग्याचा झालर लावलेला घोळ बुटाच्या टाचेत अडकून टरकला, आणि बायको सुई-दोरा घेऊन तिला कोट टांगायच्या खोलीत घेऊन गेली. नाच सुरू झाला. खर्ज्यांनी अ‍ॅम्पचं बटण पाचवर ठेवलं आणि मेहुण्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात ड्रमवर होते.

त्यांनी तार नुसती हलवली. ओढली नाही. आणि आवाज आला. मागून, पाठीत, मग पायाखालच्या फळ्यांत. खर्जे इतके दचकले की दुसरा सूर चुकता चुकता राहिला. हाच आवाज ते इतकी वर्षं बोटं फोडून मागत होते, आणि तो मागायचाही नव्हता, नुसतं सोडायचं होतं. डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, दोन्ही हात कामात होते. मनगट सरळ होतं. दुखत होतंच, पण कालच्याइतकं नाही. नाचणारी पावलं त्यांच्या सुरावर पडताना त्यांनी पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या गाण्यात मास्तरांनी ट्रम्पेट तोंडात ठेवूनच डावा पंजा त्यांच्याकडे केला. तळवा वर होता. वर, अजून वर. खर्ज्यांनी या वेळी चूक केली नाही. स्वतःच्या हाताने बटण सातवर नेलं.

तिसरं गाणं झालं. चौथ्याच्या मध्यावर डावी करंगळी तारेवर गेली आणि दाबेना. मग अंगठा सुटला. खर्जे हात तारांवर ठेवून उभे राहिले. कीबोर्डवालीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि तिचा डावा हात हळूच खाली सरकला. कोणाचंही पाऊल चुकलं नाही.

मध्यंतरात ते गिटार पिशवीत घालत होते. चेन एका हाताने ओढली जात नव्हती. बायको दोरा दाताने तोडत कोटांच्या खोलीतून बाहेर आली, तिचं काम आत्ता संपलं होतं. तिने पिशवी धरली आणि चेन लावून दिली.

"अहो, आत बसून ऐकत होते मी," ती म्हणाली. "आज गिटारला नवा कोणी आणलाय का?"

खर्ज्यांनी मेहुण्याकडे बघितलं. तो पाठ करून उभा होता.

"हो," ते म्हणाले.

"छान वाजवतो हो. मास्तरांना सांगा, ठेवून घ्या म्हणावं याला."

"नाही राहणार. आजच्यापुरताच होता तो."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग पिशवीकडे, मग त्यांच्या हाताकडे. त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं.